दोनदा ठोकलं की चूक

“डेन म्हणजे कोंबडी,” मी मोठ्यानं वाचलं.

सरांनी डाव्या हाताच्या बोटांनी पलंगाच्या कडेवर दोनदा ठोकलं. टक टक.

“हेन म्हणजे माणसं.”

टक टक.

“मेन म्हणजे लेखणी.”

टक टक. या वेळी चांगलंच जोरात.

मला वाटलं, तहान लागली असेल. “पाणी देऊ का सर?”

“हो,” सर म्हणाले.

पाणी तोंडाशी नेलं, तर ओठ घट्ट मिटलेले. “मग चहा ठेवू?” “हो.” चहा करून आणला, तर तोंड भिंतीकडं. “कूस बदलायचीय का?” “हो.” कूस बदलून दिली, तर डोळ्यांच्या कडेला पाणी. शेवटी मी वही मिटली आणि मेथी निवडायला बसले. माझ्या हातून काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

रेठरेकर सरांनी विट्याच्या हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. बायको, सुमतीबाई, वारून तीन वर्षं झाली होती. एकुलती एक लेक शैलजाताई नाशिकला बँकेत. आदल्या पावसाळ्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळं बोलणं जाऊन एकच शब्द मागं राहिला, ‘हो’. तो मात्र अगदी खणखणीत. मान हलायची तीही त्या शब्दाबरोबर, वरखाली.

मी त्यांच्याकडं सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असायचे. स्वयंपाक, अंग पुसणं, औषधं. रात्री शेजारच्या डाकेकाकूंचे मिस्टर सोबतीला झोपायला येत. तेव्हा मी तीस वर्षांची होते. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजीशी ओळख होती, पण लांबची. लग्नात भेटलेल्या पाहुण्यासारखी, चेहरा आठवतो आणि नाव नाही.

वह्या मला कपाट आवरताना सापडल्या. अकरा होत्या. प्रत्येक पानावर एकाच आवाजात संपणारे शब्द एकाखाली एक लिहिलेले. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, मधे त्याचा उच्चार मराठीत, उजव्या बाजूला अर्थ. सर वर्गात असंच शिकवायचे म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जुनं पाठ असलेलं काहीतरी त्यांच्यासमोर म्हणत जा. आरत्या म्हणून बघितल्या, पाढे म्हणून बघितले. सर छताकडं बघत पडायचे. म्हणून मग वही घेतली.

तिसऱ्या दिवशी मी “केक, लेक, मेक” म्हणून दम घ्यायला थांबले, आणि पलंगावरून आवाज आला, “टेक.”

मी हातातली वही टाकून डाकेकाकूंकडं पळाले. “काकू, सर बोलले!”

“अगंबाई! काय बोलले?”

“टेक.”

“काय टेक?”

“नुसतं टेक.”

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं, की आता घरात दोन पेशंट झाले. पण त्या दिवसापासून सर ओळी पुऱ्या करायला लागले. मी निम्मी म्हणायची, उरलेली ते. हवं ते मागता मात्र यायचं नाही. ओळ चालू असली की शब्द यायचे, ओळ थांबली की पुन्हा ‘हो’.

आणि मला त्या वह्यांची गोडी लागली. सारख्या आवाजाचे शब्द एका घरात आणून ठेवले की ते कसे नांदतात बघा. लाइफ, नाइफ, वाइफ. आयुष्य, सुरी, बायको. हे लिहिताना सरांच्या मनात काय होतं, देव जाणे. ब्रेड, डेड, हेड. पाव, मेलेला, डोकं. मी त्यांच्या गोष्टी करायची. गुहेत कोंबडी, कोंबडीमागं माणसं, माणसांच्या हातात लेखणी, अशा दहा. भाकरी थापताना एकेक ओळ म्हणायची. एक भाकरी, एक ओळ.

तर त्या टकटकीच्या दिवशी संध्याकाळी मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. हणमंत यंत्रमागावर कामाला होता आणि आठवीत सरांच्या हाताखाली होता.

“दोनदा?” त्यानं जेवता जेवता मान वर केली. “नक्की दोनदा?”

“दोनदाच. दर वेळी.”

“मग तू चुकली असशील. आमचा अर्थ चुकला की सर टेबलावर अंगठी दोनदा वाजवायचे. मारायचे नाहीत, रागवायचे नाहीत. टक टक. की ओळ परत पहिल्यापासून.” तो हसला. “माझ्यामुळं सगळा वर्ग चार-चार वेळा म्हणायचा.”

सकाळी जाऊन आधी वही उघडली. डेन म्हणजे गुहा. हेन म्हणजे कोंबडी. माझं बोट उजव्या बाजूला एक ओळ खाली घसरलं होतं आणि मी प्रत्येक शब्दाला खालच्याचा अर्थ देत गेले होते. कुणीही वाचलं असतं तर कोंबडीला माणसं म्हणताना थबकलं असतं. मी थबकले नाही, कारण मला वाटलं, इंग्रज आहेत, म्हणत असतील.

“सर,” मी म्हणाले, “टेन म्हणजे नऊ.”

टक टक.

“टेन म्हणजे दहा.”

बोटं गप्प.

मी पलंगाच्या पायथ्याशी खालीच बसले. सरांना सगळं कळत होतं. तीन महिने आम्ही त्यांच्या तोंडात दुधी कोंबत होतो, खिडकी उघडत-लावत होतो, भजनी मंडळ आणून बसवत होतो, आणि ते आतमधे शाबूत होते.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं. सरळ विचारलं की त्यांची जीभ पुढं पळायची आणि ‘हो’ म्हणून मोकळी व्हायची. वहीतून विचारलं की ते मास्तर व्हायचे, आणि मास्तरला चूक ऐकवत नाही. “बी म्हणजे मधमाशी. नी म्हणजे गुडघा, आज दुखतोय.” गप्प. म्हणजे दुखतोय. तेल लावायचं. “सी म्हणजे समुद्र. टी म्हणजे चहा, आता प्यायचाय.” टक टक. म्हणजे नको. दुधी त्यांना आवडत नव्हता, भजनी मंडळ तर अजिबातच नाही. शब्द सापडेपर्यंत कधी अर्धा तास जायचा, पण आम्हाला दोघांना तरी कुठं जायचं होतं?

हे मी शैलजाताईंना फोनवर कळवलं नाही. त्या आल्या की समोरच दाखवू म्हटलं. खरं सांगायचं तर ते आमच्या दोघांतलं होतं, आणि मला ते वाटून घ्यायची घाई नव्हती.

जानेवारीत त्या आल्या त्या ठरवूनच. बूट काढायच्या आधी पलंगापाशी गेल्या, सरांचा हात हातात घेतला.

“दादा, आता मी तुम्हाला न्यायला आलेय. नाशिकला माझ्याकडं राहायचं. खोली तयार केलीय. याल ना?”

“हो,” सर म्हणाले.

ताईंना रडू आवरेना. “मला वाटलं होतं नाही म्हणतील. किती मनवावं लागेल म्हणून रात्रभर वाक्यं जुळवत होते गं मी.”

गाडी तीन दिवसांनी यायची होती. दुपारपर्यंत त्यांनी भांडी बांधायला काढली. मी डाळ निवडत होते, पण दाणे दिसत नव्हते. पाचवी वही निम्मी झाली होती. सरांनी उभा जन्म या गावात काढलेला. त्यांना हे घर, ही खिडकी, तिच्यासमोरून जाणारी त्यांचीच म्हातारी झालेली पोरं सोडून जायचं असणं शक्य नाही, असं मला वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, खात्री होती.

“ताई,” मी म्हणाले, “एक बोलू? सर सगळ्यालाच हो म्हणतात.”

“म्हणजे?”

“गवार करू? हो. कारलं करू? हो. दोन्ही एकत्र करू? हो. काल रेडिओवाल्यानं विचारलं, आकाशवाणी सातारा ऐकताय का, तर त्यालाही हो.”

त्या हातातलं पातेलं ठेवून माझ्याकडं वळल्या. “तुझं काम जाईल म्हणून बोलतेयस का मालन? तसं असेल तर सांग. मी डाकेकाकूंना सांगून दुसरीकडं लावून देते तुला.”

“तेही आहे ताई,” मी म्हणाले. “पण तेवढंच नाही. त्यांना वहीतून विचारा.”

मग सगळं सांगितलं. टक टक, कोंबडी, नऊ आणि दहा. त्या ऐकून घेत होत्या, पण लहान भावंडाची भुताची गोष्ट ऐकावी तशा. एवढ्यात डाकेकाकू निरोपाची पुरणपोळी घेऊन आल्या आणि तिथंच टेकल्या.

“दाखव बरं,” ताई म्हणाल्या.

मी वही घेऊन सरांच्या उशाशी बसले. “ठोकलं तर चूक. गप्प राहिले तर बरोबर. एवढंच ध्यानात ठेवा.” आणि सुरू केलं. “लाइफ म्हणजे आयुष्य.” गप्प. “नाइफ म्हणजे चमचा.” टक टक. ताई पुढं सरकल्या. “वाइफ म्हणजे,” आता मलाच गंमत सुचली, “वाइफ म्हणजे डाकेकाकू.”

टक टक, टक टक.

“अहो, एवढ्या घाईनं ठोकायला काय झालं हो सर!” काकू म्हणाल्या.

“वाइफ म्हणजे सुमतीबाई.”

बोटं गप्प झाली. नुसती गप्प नाही, पलंगाच्या कडेवर उलगडून पडली. ताईंनी पदर तोंडाला लावला. मग थोड्या वेळानं अगदी हळू म्हणाल्या, “म्हणजे हे सगळं त्यांना... आणि मी गेल्या वेळी इथंच बसून डॉक्टरांना विचारलं होतं, किती दिवस काढतील म्हणून.”

काकूंनी पुरणपोळीचं ताट बाजूला सारलं.

“मग त्यांचा तो हो खरा नव्हता,” ताई म्हणाल्या.

“नसेल ताई. मी म्हणतच होते. विचारू?”

ताईंनी मान हलवली. न्यायचं त्यांनी मनानं सोडून दिलं होतं, ते मला चेहऱ्यावर दिसलं. आणि मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

मी पान शोधलं. “डे म्हणजे दिवस. हे म्हणजे वाळलेलं गवत. से म्हणजे बोलणं.” इथं सरांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. कशासाठी चाललंय हे त्यांना कळलं होतं. “स्टे म्हणजे राहणं. सरांनी इथंच राहणं, विट्यात, आपल्या घरात.”

पुढच्या शब्दासाठी मी श्वासही घेतला होता.

टक टक.

मला वाटलं, मी फार शब्द घातले. ते शिस्तीचे मास्तर, त्यांना लांबण चालत नसेल. “स्टे म्हणजे विट्यात राहणं.”

टक टक. या वेळी हलकेच. वर्गातल्या एखाद्या मंद पोरासाठी ठोकावं तसं, समजुतीनं.

“ठोकलं,” ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि काय विचारलं याच्याकडं त्यांचं लक्षच राहिलं नव्हतं. “ठोकलं म्हणजे नाही ना? यायचं नाही त्यांना. ठीक आहे. त्यांच्या मनाविरुद्ध नाही नेणार मी. गाडी नको म्हणून कळवते.”

“मालन सांगतच होती की,” काकू म्हणाल्या. “जुनं झाड आहे, उपटायचं कशाला?”

मी वहीकडं बघत राहिले. मला काही करायचंच नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, शब्द जोडायचे नव्हते. फक्त गप्प बसायचं होतं. ताई आजची रात्र राहून सकाळच्या गाडीनं गेल्या असत्या, मी आठ वाजता येऊन चूल पेटवली असती, आणि पाचवी वही पुरी झाली असती. सहावी, सातवी झाली असती. सर मला पुन्हा कधी ठोकून सांगू शकले नसते असं नाही. पण ते ऐकणारी मी एकटीच होते. त्यांची जीभ माझ्या हातात होती म्हणा ना.

सरांकडं बघितलं नसतं तर बसलेही असते गप्प. पण बघितलं. ते रागावलेले नव्हते. वाट बघत होते. एकतीस वर्षं पोरांच्या तोंडून बरोबर उत्तर यायची वाट बघितलेला माणूस, त्याला घाई नसते.

“थांबा ताई,” मी म्हणाले. “त्यांनी मला ठोकलंय. तुम्हाला नाही.”

“म्हणजे?”

“इथं राहणं हे चूक म्हणतायत. माझा अर्थ चुकला.”

ताई उभ्या होत्या त्या पलंगाची कड धरून खाली बसल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, कारण चुकल्यावर ओळ पहिल्यापासूनच म्हणायची असते. “डे म्हणजे दिवस. हे म्हणजे वाळलेलं गवत. से म्हणजे बोलणं.” मी वहीवरचं बोट एक ओळ खाली आणलं. “स्टे म्हणजे शैलजाताईंकडं, नाशिकला, राहणं.”

गप्प.

बाहेरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. काकू पुरणपोळीवरची माशी हाकलायची थांबल्या. सरांची बोटं पलंगाच्या कडेवर तशीच पडलेली. आणि मग कुणी काही न म्हणता ते स्वतःच पुढं म्हणाले, “वे.”

“वे म्हणजे रस्ता,” ताई म्हणाल्या. पाचवीतल्या मुलीसारख्या, हात गुडघ्यावर ठेवून.

सरांनी ठोकलं नाही.

त्यांना का जायचं होतं, हे मला कधी कळलं नाही. वहीत ‘व्हाय’ची ओळही होती, क्राय, ड्राय, फ्लाय, व्हाय. पण ‘का’ या प्रश्नाला ठोकून उत्तर देता येत नाही. लेकीच्या हातचं खायचं असेल. किंवा ज्या गावाला आपण एकतीस वर्षं बोलायला शिकवलं, त्या गावात मुकं पडून राहणं नको झालं असेल. किंवा मी समजत होते तेवढी ती खिडकी त्यांना आवडतही नसेल. मी कधी विचारलंच नव्हतं, मला माहीतच होतं ना!

उरलेले दोन दिवस मी शैलजाताईंना शिकवलं. हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. ताईंचं इंग्रजी झकास, बँकेत सगळा व्यवहार त्यातच. त्या वही घेऊन बसायच्या आणि धडाधड बरोबर अर्थ सांगत सुटायच्या. सर गप्प पडून ऐकायचे आणि दोन पानांत कंटाळून डोळे मिटायचे.

“ताई, चुका की,” मी म्हणायची.

“अगं, समोर दिसतंय त्याचा मुद्दाम चुकीचा अर्थ तोंडातून निघतच नाही माझ्या. लहानपणी याच वहीतला एक चुकला होता, तर दादांनी संध्याकाळभर ओळ म्हणायला लावली होती.”

“आता तुम्ही चुकला नाही तर ते काही सांगू शकत नाहीत. बरोबर बोललात की त्यांच्या हातात काही राहत नाही.”

“तुला कसं जमतं?”

“मला कुठं काय जमवायला लागतं? मला येतच नव्हतं.”

त्या हसल्या. मग डोळे मिटून, मनाचा हिय्या करून म्हणाल्या, “बॉक्स म्हणजे... कोल्हा.” टक टक. ताईंनी दचकून डोळे उघडले. सरांचा अर्धा चेहरा हलत नव्हता, पण उरलेला अर्धा हसत होता.

आज मी इंग्रजी पेपर वाचते. ठळक बातम्या तर सहज, आतल्याही बऱ्याचशा. उच्चारांचं विचारू नका. उरलेल्या वह्या मला मिळाल्या नाहीत, त्या नाशिकला गेल्या, आणि त्या तिथंच जायला हव्या होत्या. पुढचे शब्द मी माझे मीच जमवत गेले, किराणा दुकानाच्या पाट्यांवरून, औषधांच्या खोक्यांवरून, हातात येईल त्या कागदावरून. सारख्या आवाजाचा शब्द सापडला की त्याला त्याच्या घरी नेऊन बसवायचं. सवय जात नाही.

तर त्या तिसऱ्या दिवशी गाडी सकाळी नऊला आली. हणमंत आणि ड्रायव्हरनं मिळून सरांना खुर्चीसकट उचलून गाडीपर्यंत नेलं आणि मागच्या सीटवर बसवलं. डाकेकाकूंनी दही-साखर हातावर ठेवली. बोचकी, औषधांची पिशवी, वह्यांचा गठ्ठा, सगळं आत गेलं. मी पायरीवर बसले होते. सरांना नमस्कार करून झाला होता, आता आणखी काय बोलायचं?

ताई गाडीत बसल्या, दार ओढून घेतलं. “सगळं घेतलं ना दादा? निघूया?”

“हो,” सर म्हणाले.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. ताईंनी पुढं बघितलं. मग क्षणभर थांबून त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला.

“एक मिनिट. बंद करा जरा.”

“ताई, नगरला पोचेपर्यंत ऊन होईल.”

“होऊ दे.”

त्यांनी पायाशी ठेवलेल्या गठ्ठ्यातून एक वही ओढून काढली, मांडीवर उघडली आणि सरांकडं तोंड करून बसल्या. “बॅग म्हणजे पिशवी, घेतली.” गप्प. “स्टिक म्हणजे काठी, घेतली.” गप्प. त्या पानं उलटत होत्या, ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द. ड्रायव्हर बिडी ओढायला खाली उतरला. काकू माझ्या कानाशी लागल्या, “हे काय गं आता मधेच?”

“कॅप म्हणजे टोपी, घेतली.”

टक टक.

घराच्या उघड्या दारातून मला आतली खुंटी दिसत होती. सरांची काळी टोपी तिच्यावर मघापासून दिसत होती. ताईंनी गाडीचं दार उघडलं आणि लगबगीनं माझ्या अंगावरून आत जायला लागल्या. मी पायरीवर जरा सरकून त्यांना वाट करून दिली आणि बसून राहिले.